फ्रान्सच्या लहान गावात भाषा-सहाय्यक म्हणून जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची फलटणची. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले आणि इंग्रजीची भाषा-सहाय्यक म्हणून सात महिने फ्रान्सच्या नैर्ऋत्येला फिजाक या गावी राहून आले. तेव्हापासून दरवर्षी नेमणुकीची पत्रं आली, की नंतरच्या तुकड्यांतल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. नियम आणि रकमा वर्षागणिक थोड्या बदलतात, तेव्हा तुमच्या नेमणूकपत्रात लिहिलेलं तेच शेवटचं धरा.

हे काम नेमकं काय असतं?

फ्रान्सच्या सरकारी शाळांमध्ये परदेशी भाषा शिकवताना ती भाषा सहज बोलणारा एक तरुण माणूस वर्गात असावा, म्हणून ही योजना आहे. फ्रान्सकडून ती पॅरिसजवळच्या सेव्हरमधली ‘फ्रान्स एज्युकासियाँ एंतरनासियोनाल’ ही संस्था चालवते. आपल्याकडचे अर्ज फ्रेंच इन्स्टिट्यूट इन इंडियामार्फत जातात. मुदत 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल. आठवड्याला 12 तास, तेही कधी एका शाळेत, कधी दोन-तीन शाळांत वाटलेले. हातात येणारा पगार महिना साधारण 800 युरोच्या आसपास असतो आणि सुट्ट्यांतही तो सुरू राहतो. विमानाचं तिकीट मात्र आपल्या खर्चाने काढायचं.

तुम्ही शिक्षक नसता. परीक्षा घेणं, गुण देणं, शिस्त लावणं हे तुमचं काम नाही. मुलांना बोलतं करणं हे तुमचं काम.

मला पॅरिस नको होतं असं नाही, पण मिळालं दहा हजार वस्तीचं गाव. बदलून मागू का?

नका मागू. अर्जात ‘अकादेमी’चे, म्हणजे शिक्षण विभागांचे, पसंतीक्रम विचारतात. पण विभागातलं कुठलं गाव वाट्याला येईल ते आपल्या हातात नसतं. यादीत फिजाक वाचल्यावर मी नकाशा उघडला, गाव शोधायला दोनदा मोठं करून बघावं लागलं आणि मी चक्क रडले. आज मला पुन्हा निवडायला सांगितलं तर मी डोळे मिटून फिजाकच घेईन.

कारण साधं आहे. 800 युरोत पॅरिसमध्ये खोलीभाडं भरल्यावर हातात काही उरत नाही. लहान गावात त्याच पैशांत खोली, बाजार, महिन्यातून एखादा प्रवास, सगळं बसतं. आणि फ्रेंच! शहरात तुम्ही अडखळलात की समोरचा इंग्रजीवर येतो. फिजाकच्या बेकरीत, कुंभाराकडे, बस चालवणाऱ्याकडे ती सोयच नव्हती. डिसेंबरपर्यंत मी स्वप्नात फ्रेंच बोलायला लागले होते.

तिसरं कारण माझ्यापुरतं. फिजाक हे जाँ-फ्रान्स्वा शांपोलियाँचं जन्मगाव. 1790 साली तो इथे जन्मला आणि 1822 मध्ये त्याने इजिप्तच्या चित्रलिपीचं कोडं सोडवलं. त्याच्या घराच्या जागी आता जगातल्या लिपींचं संग्रहालय आहे. मागच्या चौकात रोझेटा शिळेची, म्हणजे त्या उलगड्याची किल्ली ठरलेल्या शिळेची, प्रचंड प्रतिकृती काळ्या दगडात जमिनीवर अंथरली आहे. तुम्ही तिच्यावरून चालत जाता. लहान गाव म्हणजे रिकामं गाव नव्हे, हे मला त्या दगडावर उभं राहिल्यावर पटलं.

निघण्याआधी कोणती कागदपत्रं तयार ठेवायची?

व्हिसासाठीची यादी तुम्हाला मिळेलच, ती मी लिहीत बसत नाही. इथे पोचल्यावर जे लागतं आणि घरी विसरतं, ते जन्माचा दाखला. आईवडिलांची नावं असलेला, अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्क्याने प्रमाणित केलेला, दाखला हवा आणि त्याचं फ्रान्समध्ये मान्य असलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून केलेलं भाषांतर हवं. तुमचा कायमचा आरोग्य-विमा क्रमांक यावरच अडतो. नगरपालिकेचा दाखला जुना, हाताने लिहिलेला, पुसट असेल तर आधी नवा काढून घ्या. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून नेमणूकपत्राची वाट न बघता आधीच सुरुवात करा.

नेमणूकपत्राला ‘आरेते द नॉमिनासियाँ’ म्हणतात. त्याच्या पाच-सहा प्रती आणि पासपोर्टच्या आकाराचे फोटो बॅगेत नाही, हातातल्या पिशवीत ठेवा.

नावाचा घोळ होतो म्हणतात, तो काय?

होतो, आणि तो खास आपला मराठी घोळ आहे. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं लिहितो. पासपोर्टवर पहिली दोन नावं एकाच रकान्यात बसतात. फ्रेंच माणूस तो रकाना बघून समजतो, की ही दोन्ही तुमचीच नावं. मला एका बँकेचं पहिलं पत्र आलं ते वडिलांच्या नावाने, वर ‘मिस्यू’, म्हणजे श्रीयुत, लिहून. ते दुरुस्त व्हायला तीन आठवडे गेले आणि तोवर पगाराचं खातं अडून राहिलं.

उपाय एकच : पहिल्या अर्जापासून प्रत्येक ठिकाणी पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने नाव लिहा. ‘नाँ’ म्हणजे आडनाव आणि ‘प्रेनाँ’ म्हणजे पाळण्यातलं नाव. लग्न झालेल्या मुलींसाठी आणखी एक : फ्रान्समध्ये सरकारी कागदांत ‘नाँ द नेसाँस’, म्हणजे माहेरचं आडनाव, आयुष्यभर मुख्य धरतात. सासरचं आडनाव फक्त वापरायचं नाव म्हणून लागतं. पासपोर्टवर फक्त सासरचं असेल तर विवाहाचा दाखलाही सोबत न्या.

पोचल्यावर पहिल्या महिन्यात कशाच्या मागे कोणत्या क्रमाने लागायचं?

इथे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. घराशिवाय पत्ता नाही, पत्त्याशिवाय बँक नाही, बँकेशिवाय पगार नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा.

शाळेत हजर झाल्यावर कचेरीत ‘प्रोसेव्हेर्बाल दँस्तालासियाँ’वर सही करायची. आपल्याकडच्या हजर अहवालासारखाच तो कागद. तो वरच्या कार्यालयात, म्हणजे ‘रेक्तोरा’त, गेल्याशिवाय पगाराचं चाक फिरत नाही. मग बँकेत खातं. ते उघडलं की ‘रिब’ नावाचा एक कागद मिळतो, त्यावर खात्याचा पूर्ण क्रमांक असतो. पगार, घरभाड्याची मदत, फोन, वीज, सगळीकडे हा रिब मागतात. फ्रान्स सरकारच्या पोर्टलवर व्हिसाची नोंदणी तीन महिन्यांच्या आत करायची असते. मुद्रांकाची रक्कम ऑनलाइन भरायची. ही नोंदणी राहिली तर तुमचं तिथलं राहणं बेकायदा ठरतं, म्हणून ती पहिल्याच आठवड्यात उरकून टाका.

आरोग्य-विम्याचा क्रमांक आधी तात्पुरता मिळतो. कायमच्या क्रमांकाचा पहिला आकडा बाईसाठी 2, पुरुषासाठी 1. मग जन्माचं वर्ष, महिना आणि परदेशात जन्मलेल्यांसाठी 99. ‘कार्त व्हिताल’ हे हिरवं कार्ड हातात यायला महिने लागू शकतात. तोवर डॉक्टरांकडची पावती जपून ठेवा, पैसे नंतर मागता येतात.

किती पैसे सोबत न्यावेत?

पहिला पगार ऑक्टोबरअखेर येतो, पण कागद उशिरा गेले तर नोव्हेंबरअखेर. खोलीची अनामत आणि पहिलं भाडं त्याआधीच द्यावं लागतं. म्हणून निदान दोन महिन्यांचा खर्च जवळ हवा. मी 1,500 युरो नेले होते आणि त्यातले जेमतेम 200 उरले होते, तेव्हा पगार आला. उशीर होणार असं दिसलं तर शाळेच्या कचेरीत ‘आकाँत’, म्हणजे पगारातून आगाऊ रक्कम, मिळेल का ते विचारा. संकोच करू नका, तो तुमच्या कामाचाच पैसा आहे.

राहायची सोय कशी लावायची?

सगळ्यात आधी, पत्र हातात पडताच, शाळेला मेल लिहा. काही लिसेंमध्ये, म्हणजे उच्च माध्यमिक शाळांमध्ये, वसतिगृह असतं आणि सहाय्यकासाठी तिथेच किंवा आवारात एखादी खोली स्वस्तात देतात. नसेल तर इंग्रजीच्या शिक्षकांना विचारा. लहान गावात खोल्या जाहिरातींतून कमी आणि ओळखीतून जास्त मिळतात. मला एका शिक्षिकेच्या शेजारणीकडे वरच्या मजल्यावरची खोली मिळाली, वीज-पाण्यासकट महिना 280 युरोला. तरुण कामगारांसाठीची वसतिगृहं, ‘फ्वाये द जन त्राव्हायर’, हाही चांगला पर्याय आहे. जाहिरातींसाठी ‘ल बाँ क्वाँ’ हे संकेतस्थळ सगळे वापरतात. मात्र घर न बघता कुणालाही पैसे पाठवू नका.

घरमालक जामीन मागतात. फ्रान्समध्ये आपलं कोण? त्यासाठी ‘व्हिजाल’ नावाची मोफत हमी आहे, तिशीच्या आतल्यांना ती मिळते. अर्ज करार करण्याआधी करायचा. घरात शिरताना ‘एता दे ल्यू’, म्हणजे भिंती, नळ, गादी यांची स्थिती लिहिलेला कागद, दोघांनी मिळून भरायचा असतो. घाई करू नका. भिंतीवरचा ओलीचा डागसुद्धा लिहून घ्या, फोटो काढा. जाताना अनामत त्याच कागदावर परत मिळते. घराचा विमाही उतरवावा लागतो. आणि ‘काफ’कडे घरभाड्याच्या मदतीचा अर्ज ताबडतोब करा, कारण अर्जाच्या आधीच्या महिन्यांचे पैसे मिळत नाहीत.

भाडं ठरवताना ‘शार्ज काँप्रीज?’, म्हणजे ‘वरखर्च धरून का?’, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्यात वीज धरली आहे का, हे स्पष्ट करून घ्या. विजेच्या हीटरवर जानेवारी काढायचा तर बिल पाहून डोळे पांढरे होतात.

गावात पोचायचं कसं? गाडी नसली तर चालतं का?

पॅरिसच्या ऑस्टर्लिट्झ स्थानकातून रोदेझला जाणारी रात्रीची रेल्वे फिजाकला पहाटे थांबते. बॅगा घेऊन येणाऱ्यांनी तीच पकडावी. झोपेत वळणं कळत नाहीत आणि जाग येते ती धुक्यात. तूलूझहून प्रादेशिक गाड्या आहेत, अडीच तासांच्या आसपास लागतात, पण दिवसभरात मोजक्याच. शेवटची गाडी चुकली की चुकली. गावात मी सगळीकडे पायी फिरले. दोन शाळा दोन गावांत असतील तर तास एकेका दिवशी एकत्र लावून घ्या, ही विनंती वेळापत्रक ठरण्याआधीच करा. सहकारी शिक्षक गाडीतून न्यायला तयार असतात, फक्त विचारायला हवं. 27 वर्षांपर्यंतच्यांनी रेल्वेचं तरुणांचं सवलत-कार्ड घ्यावं, सुट्टीतल्या एक-दोन प्रवासांतच त्याचे पैसे वसूल होतात.

शिक्षकखोलीत तू म्हणायचं की तुम्ही?

आपल्याला हे सगळ्यात जड जातं. फ्रेंच शिक्षक आपसांत सर्रास ‘त्यू’ म्हणतात आणि तुम्हालाही पहिल्याच दिवशी सांगतात, ‘आपण तू म्हणू या.’ समोर आईच्या वयाची बाई, आणि तिला तू? माझी जीभ नोव्हेंबरपर्यंत अडखळत होती. शेवटी त्या म्हणाल्या, ‘तू मला व्हू म्हणतेस तेव्हा मला वाटतं माझं काही चुकलं.’ तेव्हा कळलं, की इथे तू म्हणणं म्हणजे जवळ घेणं. मुख्याध्यापकांना मात्र ‘व्हू’, दुकानात ‘व्हू’, आणि मुलं तुम्हाला ‘व्हू’.

आणि ‘बाँजूर’चं एवढं काय आहे?

सगळं काही आहे. पहिल्याच आठवड्यात औषधांच्या दुकानात शिरून मी अगदी शुद्ध फ्रेंचमध्ये खोकल्याचं औषध मागितलं. बाई माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, ‘बाँजूर.’ आणि थांबल्या. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्या पुन्हा, ‘बाँजूर, मादम्वाझेल.’ तेव्हा लक्षात आलं. आपल्याकडे हसून, मान हलवून, ‘काका, जरा…’ म्हणून सुरुवात होते. इथे त्या सगळ्याच्या जागी हा एक शब्द आहे. तो न म्हणता काही मागणं म्हणजे माणसाला खांबासारखं वागवणं. दुकानात, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना मिळून, लिफ्टमध्ये, सगळीकडे म्हणा. निघताना ‘ऑर्व्हार, बॉन जुर्ने’. महिनाभर हे केलंत की गाव तुम्हाला ओळखायला लागतं.

तिथलं फ्रेंच आपण शिकलो त्यापेक्षा वेगळं असतं का?

नैर्ऋत्येत हो. ‘पँ’ म्हणजे पाव तिथे ‘पेंग’सारखा ऐकू येतो आणि शब्दाच्या शेवटचा ‘अ’ ठसठशीत उच्चारतात. पिशवीला ‘पॉश’ म्हणतात. चॉकलेट भरलेल्या पावाला तिथे ‘शोकोलातीन’ म्हणतात. पॅरिसचा शब्द वापरलात तर लगेच प्रेमाने दुरुस्त करतील. रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंचखाली दुसरी भाषा दिसेल, ती ऑक्सिताँ, दक्षिण फ्रान्सची जुनी भाषा. गावाचं नाव लिहिण्याची तऱ्हा तीत निराळी. शाळेत बोलली म्हणून पूर्वी आजीआजोबांनी शिक्षा भोगलेली ही भाषा आहे. माझ्या घरमालकीणबाई तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायच्या. तिच्यातले दोन शब्द शिकून घ्या, म्हाताऱ्या माणसांचे डोळे उजळतात.

शाकाहारी आहे. निभेल का?

निभेल, पण स्वयंपाक करता आला पाहिजे. तो सगळा मुलूख बदकांचा आणि मेंढ्यांचा. 2019 पासून शाळांच्या कॅन्टीनमध्ये आठवड्यातून एकदा मांसविरहित जेवण कायद्याने द्यावं लागतं, उरलेले दिवस कोशिंबीर, भाज्या, चीज आणि पाव. चीज घट्ट करायला बऱ्याचदा वासराच्या जठरातलं ‘प्रेझ्यूर’ वापरतात, कडक शाकाहारी असाल तर तेवढं ठाऊक असू द्या.

सुपरमार्केटात ‘लाँतिय कोराय’ म्हणून मिळते ती आपली मसूर डाळ. ‘प्वा कासे’ म्हणजे सोललेले फोडलेले वाटाणे, त्यांचं वरण छान होतं. बेसनाला ‘फारीन द प्वा शीश’ म्हणतात, सेंद्रिय मालाच्या दुकानात हमखास मिळतं. बारीक ‘समुल’ म्हणजे रवा. हिंग, गोडा मसाला, कढीलिंबाची वाळवलेली पानं आणि छोटा प्रेशर कुकर घरून न्या. पोळपाट-लाटणं मी नेलं नाही, बाटलीने लाटलं.

शनिवारच्या बाजाराला मात्र चुकवू नका. अक्रोड, रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं चपटं छोटं चीज, थंडीत भोपळे. मी अक्रोड एकाच आजींकडून घ्यायचे. पहिल्या शनिवारी त्यांनी नुसतं वजन केलं. तिसऱ्या शनिवारी विचारलं, कुठली? मी भारत म्हटल्यावर दोन अक्रोड तळहातावर घेऊन, एकमेकांवर दाबून कसे फोडायचे ते दाखवलं आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. त्यानंतर मी कधी परकी नव्हते.

वर्गात काय करायचं? मुलं बोलतच नाहीत.

फ्रेंच मुलं चुकायला फार घाबरतात. पूर्ण वर्ग घेऊ नका, शिक्षकांना सांगून सहा-आठ जणांचा गट वेगळ्या खोलीत न्या. भारतावर तयार सादरीकरण दाखवलंत तर ती शांतपणे बघतील आणि संपेल. त्यापेक्षा त्यांना प्रश्न विचारायला लावा. मला विचारलेले पहिले प्रश्न : तुम्ही ‘इंडियन’ भाषा बोलता का? भारतातले सगळे ‘हिंदू’ का? तिथे बोलीभाषेत भारतीय माणसाला सरसकट ‘अँदू’, म्हणजे हिंदू, म्हणून टाकतात, तेव्हा धर्म आणि देश हा फरक समजावून सांगण्यातच एक तास गेला, आणि तो माझा सगळ्यात चांगला तास होता.

तुमचं इंग्रजी भारतीय आहे म्हणून कमीपणा घेऊ नका. मुलांना पुढे जगात भेटणारी माणसं तेच इंग्रजी बोलतात.

माझा हातखंडा तास होता नावांचा. प्रत्येकाचं नाव फळ्यावर देवनागरीत लिहायचं. जुलिएत, माथिल्द, यानिस. संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर जगभरच्या लिपींतली अक्षरं काचेत आणि तांब्यात बसवली आहेत, मुलं लहानपणापासून ती बघत आलेली. एका मुलाने विचारलं, ‘वरची रेघ आधी काढायची की नंतर?’ मी वीस वर्षं लिहीत होते आणि मला सांगता येईना. खडू घेऊन स्वतःचं नाव लिहून पाहिलं. अक्षरं आधी, रेघ शेवटी. तो हसला आणि त्याने अगदी तशीच, एका झटक्यात, रेघ ओढली.

टिकली, मंगळसूत्र, गणपतीचा लॉकेट चालतो का?

सरकारी शाळेत धर्मनिरपेक्षता, ‘लाईसिते’, फार गांभीर्याने पाळतात. ठळक धार्मिक चिन्हं विद्यार्थ्यांना 2004 च्या कायद्याने मना आहेत आणि पगार घेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर तटस्थतेचं बंधन त्याहून कडक आहे. सहाय्यकही त्यात येतात. टिकलीसारख्या गोष्टीबद्दल पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांना सरळ विचारा. धर्माविषयी माहिती देण्यावर मात्र बंदी नाही. गणेशोत्सव कसा असतो, मांडव कसे घालतात हे मी वर्गात सांगितलं. आरती म्हणून दाखवली नाही, आणि तो फरक मला योग्य वाटतो.

एकटं वाटतं का?

वाटतं. नोव्हेंबरात सर्वांत जास्त. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि एकाएकी शाळा सुटायच्या वेळेला अंधार होतो. त्याच सुमारास दोन आठवड्यांची सुट्टी असते, शिक्षक आपापल्या गावी जातात, बरेचदा नेमकी तेव्हाच दिवाळी येते. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर फक्त सेले नदीचा आवाज. त्या दिवाळीला मी बेसन भाजलं, लाडू बसेनात, ते तसंच वाटीत घालून घरमालकीणबाईंना नेऊन दिलं. त्यांनी चमच्याने खाल्लं आणि मला रात्री सूप प्यायला थांबवून घेतलं.

म्हणून सुट्टीच्या आधीच काहीतरी लावून घ्या. प्रत्येक गावात भजनी मंडळांसारख्या ढीगभर संस्था असतात : गायनाच्या, डोंगर चढायच्या, विणकामाच्या. सप्टेंबरात त्यांचा एकत्र मेळावा भरतो, तो चुकला तर नगरपालिकेत यादी मिळते. मी समूहगानात गेले. सूर माझा बेताचाच, पण दर मंगळवारी मला घ्यायला कुणीतरी दाराशी येई.

एप्रिलमध्ये गावातून पाठीवर शिंपला लटकवलेले यात्रेकरू जायला लागतात, ल प्वीहून स्पेनमधल्या सांतियागोला पायी निघालेले. मी पालखीच्या मुक्कामाच्या गावात वाढलेली. त्यांना पाणी भरून देताना मला घरीच असल्यासारखं वाटायचं.

आजारी पडले तर?

तातडीला 15 किंवा 112. एरवी डॉक्टरची वेळ ‘दॉक्तोलिब’वर घ्यायची, पण लहान गावांत डॉक्टर कमी आणि नवे पेशंट घ्यायला नाखूश. आजारी पडायची वाट न पाहता पोचल्यावरच एका डॉक्टरांना ‘मेदसँ त्रेताँ’ म्हणून नेमून घ्या. त्यानंतर तपासणीचे साधारण 70 टक्के विम्यातून परत मिळतात. किरकोळ गोष्टींना औषधांच्या दुकानातल्या बाई उत्तम सल्ला देतात. आधी बाँजूर म्हणा.

निघताना काय काय आवरायचं?

सामानासह घेतलेल्या खोलीची नोटीस एक महिना आधी, रजिस्टर्ड पत्राने. वीज, फोन, विमा यांनाही लेखी कळवा. काफला पत्ता बदलल्याचं सांगा, नाहीतर जास्तीची रक्कम नंतर परत मागतात. पगाराच्या चिठ्ठ्या, ‘फिश द पे’, जन्मभर जपा, फ्रेंच लोक स्वतः तेच करतात. बँकेचं खातं शेवटचा पगार आणि अनामत जमा झाल्याशिवाय बंद करू नका.

आणि बाजारातल्या माणसांना आधीच्या शनिवारी सांगून या. मी सांगितलं तेव्हा अक्रोडवाल्या आजींनी तराजूत एक किलो टाकले, पैसे घेतले नाहीत आणि विचारलं, ‘तुझ्या आईला फोडता येतात ना?’